नशिराबादचे 'निशराबाद' का होते? जुन्या मराठी फाईलमध्ये फ्रेंच अक्षरे येतात कुठून?

गावच्या सोसायटीची जुनी सभासद यादी, शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर, वीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिकेची फाईल. कोणीतरी ती व्हॉट्सॲपवर पाठवते. मोबाइलवर उघडली की मराठीचा मागमूस नसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी 'ई', दोन टिंबांचे 'ओ', मध्येच गोलातला 'आर'. पाहणाऱ्याला वाटते फाईल बिघडली किंवा व्हायरस शिरला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप झाली तो फॉन्ट तुमच्या मोबाइलमध्ये नाही, एवढेच झालेले असते.

मग त्या जागी तिरक्या रेघांची अक्षरेच का दिसतात? चौकोन का नाहीत, तमिळ का नाही? कारण ती जागा मुळात त्याच अक्षरांची होती.

२५६ खण आणि फ्रेंचचा हक्क

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण २५६ खण. पहिल्या १२८ खणांत इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगणकाच्या अंतर्गत खुणा. उरलेले १२८ पश्चिम युरोपातल्या भाषांनी वाटून घेतले. त्यात फ्रेंच होती, जर्मन होती, स्पॅनिश होती. 'कॅफे' हा शब्द फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटच्या 'ई'वर उजवीकडे कललेली रेघ येते. विंडोजच्या त्या तक्त्यात या छोट्या 'ई'चा क्रमांक २३३ आणि मोठ्या 'ई'चा २०१.

ही रेघ शोभेची नाही. फ्रेंचमध्ये 'ऊ' असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. 'यू'वर रेघ असेल तर अर्थ 'कुठे', नसेल तर 'किंवा'. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, तसेच काहीसे. या 'दऱ्या'कडे पुढे यायचेच आहे.

विंडोजच्या आधी काळ्या पडद्यावरचे डॉस होते. तिथे फॉन्ट निवडायची सोय नव्हती. पडद्यावर आडवे ८० आणि उभे २५ असे २००० चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. फ्रेंच कळफलक नसलेल्या माणसाला ती रेघेची 'ई' हवी असेल तर ऑल्टची कळ दाबून ठेवून उजवीकडच्या अंकपट्टीवर १३० टाइप करायचे आणि ऑल्ट सोडायची. शेपटीवाला 'सी' हवा असेल तर १३५. विंडोजमध्ये क्रमांकांचा तक्ता बदलला, म्हणून तिथे आधी शून्य लावून ०२३३ द्यावे लागते. ही युक्ती आजही चालते. अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर मात्र पंचाईत होते.

प्रोग्रॅमर वापरतात त्या व्हिम या संपादकात आणखी सोपे आहे. कंट्रोल धरून 'के' दाबायचा, मग 'ई', मग एकेरी अवतरणचिन्ह. अक्षर आणि त्यावरची खूण वेगवेगळी सांगायची, जोडणी संगणक करतो. लिनक्सवरची 'कंपोज' कळही याच तत्त्वावर चालते.

फ्रेंचचे काम इतक्यावर भागले, कारण रेघ लागली तरी अक्षर एकच राहते आणि एका चौकोनात मावते. तरी सगळे फ्रेंचही सुखी नव्हते. 'ओ' आणि 'ई' चिकटवून होणारे त्यांचे जोडाक्षर १९८७ च्या पश्चिम युरोपीय मानकात राहूनच गेले. ते मिळवायला १९९९ ची सुधारित आवृत्ती यावी लागली. मोठ्या 'ई'वरची रेघ तर फ्रान्समधल्या नेहमीच्या कळफलकावर सरळ येतच नव्हती. तिथल्या मानक संस्थेने २०१९ मध्ये नवा कळफलक जाहीर केला, त्यात ही सोय करण्यात आली. हीच २०१ क्रमांकाची मोठी 'ई' मराठीच्या वाट्याला कशी आली, ते आता पाहू.

काळ्या पडद्यावर मराठी

देवनागरी एका चौकोनात बसत नाही. 'कुऱ्हे' घ्या. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण आत आहेत सहा घटक: क, उकार, ऱ, हलन्त, ह, मात्रा. उकार खाली लटकतो, मात्रा वर चढते, अर्धा ऱ पुढच्या 'ह'ला चिकटतो. ८० गुणिले २५ च्या जाळ्याला हे झेपणारे नव्हते.

यावर भारतात निघालेला तोडगा जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात झालेले हे काम पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. संगणकाच्या पोटात हे कार्ड बसवले की डॉसमधल्या साध्या, फक्त अक्षरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता-वाचता येई. प्रोग्रॅमला पत्ताही नसे की आपण मराठी हाताळतो आहोत. जोडाक्षरे घडवण्याचे काम कार्ड करी. त्यामागे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली इस्की ही क्रमांकपद्धती होती. तिला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. इन्स्क्रिप्ट हा कळफलक त्याआधी, १९८६ मध्ये ठरला होता.

इस्कीत एक शहाणपण होते. अक्षर ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने साठवायचे. 'शि' म्हणजे आधी श, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे काढायची की उजवीकडे, ते दाखवणाऱ्याने बघावे. हे शहाणपण मधल्या दहा-पंधरा वर्षांत बाजूला पडले आणि आजची बरीचशी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली.

सातबारा युरोपचा, वहिवाट मराठीची

विंडोज आले, डीटीपी आले, तालुक्याच्या गावीही पत्रिका आणि हँडबिले संगणकावर होऊ लागली. तेव्हाच्या विंडोजला देवनागरी ठाऊक नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी साधा मार्ग काढला. २५६ खण तर आहेतच, त्यात इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांच्या चित्रांऐवजी मराठी अक्षरांचे तुकडे भरायचे. संगणक समजतो २०१ क्रमांकाची रेघवाली 'ई', पण पडद्यावर आणि कागदावर उमटतो काना. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सातबारा युरोपीय अक्षरांच्या नावावर आणि वहिवाट मराठीची.

हे उदाहरण काल्पनिक नाही. सी-डॅकच्या डीव्हीबी नावाच्या फॉन्ट-मालिकेत काना खरोखरच त्या २०१ व्या खणात आहे. इतकेच नव्हे, म, त, न यांसारख्या अक्षरांचा उभा दंडही तोच. अर्धा म आणि दंड मिळून पूर्ण म. त्यामुळे 'मराठी' या शब्दाचे त्या फॉन्टमध्ये आठ तुकडे होतात. फॉन्ट काढून घेतला तर दिसतात सुटी दोन टिंबे, रेघवाली मोठी 'ई', गोलातला 'आर', रेघवाला 'यू', पुन्हा तीच 'ई', एक सुटी उलटी रेघ, दोन टिंबांचा 'ओ' आणि उलट्या रेघेचा मोठा 'ओ'. फ्रेंच माणसाला कळफलकावर सहज न मिळणारे अक्षर जुन्या मराठी फाईलमध्ये ओळीओळीला दहादा भेटते, ते असे.

प्रत्येक कंपनीची खणांची वाटणी मात्र वेगळी. कृतिदेव हा फॉन्ट जुन्या टंकयंत्राच्या कळांवर बेतलेला, म्हणून त्यात 'मराठी' लिहिले की आत 'ई-जे-के-बी-एच' अशी साधी इंग्रजी अक्षरे साठतात. श्रीलिपीची मांडणी आणखी निराळी. एका दुकानातली फाईल दुसऱ्या दुकानात उघडत नसे, ती याच कारणाने. अशा फाईलला वाचणारा एकच: तोच फॉन्ट. ज्या संगणकावर तो होता तो भंगारात गेला की मजकूर असूनही हरवल्यासारखाच.

व्हॉट्सॲपच्या संदेशात फॉन्ट निवडता येत नाही. तिथे क्रमांक उघडे पडतात आणि ज्याच्या नावावर सातबारा तोच समोर येतो.

आणि नशिराबादचे काय?

तुकड्यांच्या या फॉन्टमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठत नाही, दिसण्याच्या क्रमाने साठतो. जळगाव–भुसावळ महामार्गावरचे नशिराबाद हे त्याचे नमुनेदार उदाहरण. आपण म्हणतो न, शि, रा, बा, द. पण डोळ्याला वेलांटी 'श'च्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाईलमध्ये क्रम होतो न, वेलांटी, श, र, काना, ब, काना, द. आता एखाद्या कच्च्या प्रोग्रॅमने तुकड्यामागे तुकडा असा सरळ बदल केला, तर वेलांटी आधीच्या 'न'ला जाऊन चिकटते आणि गावाचे नाव होते 'निशराबाद'. गावाच्या नावात नसलेली शराब अशी आयती शिरते.

वेलांटी डावीकडची शिकार करते, तर रफार उजवीकडे घसरतो. तापी आणि पूर्णा या नद्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ मिळतात. त्यातल्या पूर्णेचे अशा बदलात 'पूणार्' होते, सूर्याचे 'सूयर्', कार्याचे 'कायर्'. पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवताना हीच मोडतोड अनेकांनी पाहिली असेल. तिथेही कारण जवळपास हेच असते. पीडीएफला दिसण्याशी मतलब, उच्चाराशी नाही.

हसून सोडून देता येईल, पण यादीत नाव शोधताना ते महागात पडते. शोधपेटीत तुम्ही 'नशिराबाद' टाकता, यादीत 'निशराबाद' असते. संगणक म्हणतो, नोंद नाही. माणसाला एक वेलांटी इकडची तिकडे झालेली कळते, यंत्राला नाही.

युनिकोडने प्रश्न मिटला का?

बराचसा. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतःचे क्रमांक दिले. देवनागरीला १२८ क्रमांकांची स्वतंत्र आळी मिळाली आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. साठवण पुन्हा उच्चाराच्या क्रमाने सुरू झाली. फ्रेंचची रेघवाली 'ई' तिच्या घरी, आपला काना आपल्या घरी. आज ही बातमी तुम्ही कोणत्याही मोबाइलवर वाचू शकता ती त्यामुळेच.

पण मराठीच्या काही खास गरजा हिंदीच्या सावलीत राहिल्या. 'ॲप', 'ॲड.' यांतला ॲ युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. तोवर हिंदी वळणाचा ऍ वापरून वेळ मारून न्यावी लागे. राज्य सरकारने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला आणि त्याची सुधारित आवृत्ती १० नोव्हेंबर २०२२ रोजी आली. देठाचा श आणि पाकळीचा ल हे मराठी वळण वापरायचे की हिंदी, हे मात्र आजही फॉन्टवर ठरते. दोन्ही वळणांचा क्रमांक एकच आहे.

खरा त्रास आहे अर्ध्या 'ऱ'चा.

शेतकऱ्यांचा ऱ

खानदेशातल्या केळीच्या कोणत्याही बातमीत एक शब्द हमखास असतो: शेतकऱ्यांना. हाच शब्द मोबाइलवर पन्नासदा 'शेतकर्यांना' असा दिसतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजी येतील आणि 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकी. सूर्य, कार्य, आचार्य या शब्दांत रफाराआधीच्या अक्षरावर आघात येतो. वारा, दरी, शेतकरी यांच्या रूपांत तो येत नाही. म्हणून वाऱ्याचा, दऱ्या, शेतकऱ्यांचा. हा अर्धचंद्रासारखा अर्धा र हिंदीत नाही. मराठी, कोकणी आणि नेपाळीला तो लागतो.

आपल्या भागात तर तो पावलोपावली आहे. भुसावळ तालुक्यातले कुऱ्हे पानाचे, मुक्ताईनगर तालुक्यातले कुऱ्हा काकोडा, पाचोरा तालुक्यातले कुऱ्हाड. वऱ्हाडे, बोऱ्हाडे ही आडनावे. लग्नाचे वऱ्हाड. खानदेशी बोलीत 'राहणे'चे 'ऱ्हाणे' होते ते वेगळेच. या सगळ्यांना साधा रफार लावला तर 'कुर्हे', 'वर्हाड' असे काहीतरी विचित्र उमटते आणि वाचणारा अडखळतो.

युनिकोडमध्ये या अक्षरासाठी ०९३१ हा क्रमांक वापरतात. गंमत अशी की तो खण मुळात द्राविडी भाषांतला कठोर र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला. त्याला हलन्त जोडला की मराठीचा अर्धा ऱ मिळतो. म्हणजे इथेही आपण थोडे भाडेकरूच, फक्त या वेळी भाडेकरार कायदेशीर आहे.

त्रासाचे कारण असे की हाच आकार दुसऱ्या रीतीनेही काढता येतो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीत चालू ठेवली आहे आणि जुन्या मराठी मजकुरात ती भरपूर सापडते. दोन्ही रीतींनी लिहिलेले 'कुऱ्हे' पडद्यावर हुबेहूब सारखे दिसते. आत मात्र क्रमांक वेगळे. एका यादीत एक रीत, दुसऱ्या यादीत दुसरी, आणि दोन्ही याद्या ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला हे आधी सांगितलेले नसेल, तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी गावे आणि दोन वेगळी माणसे. नाव बरोबर आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, कागदावर काही चूक दाखवता येत नाही, तरी जुळत नाही. खिडकीच्या आत बसलेल्यालाही कारण कळत नाही आणि बाहेर उभ्या असलेल्यालाही. 'निशराबाद'पेक्षा हे वाईट, कारण तिथे निदान चूक दिसते.

टाइप कसे करायचे?

संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक असेल तर उत्तर सरळ आहे. इंग्रजी 'जे'च्या कळीवर र आहे, शिफ्टसह तीच दाबली की ऱ. मग 'डी'च्या कळीवरचा हलन्त आणि पुढे य किंवा ह. कुऱ्हे लिहायला के, जी, शिफ्टसह जे, डी, यू, एस अशा सहा कळा पुरतात. फ्रेंच माणूस अंकपट्टीवर क्रमांक पाठ करत बसे, त्या मानाने हे कितीतरी सुटसुटीत. तरीही आपल्याकडे इन्स्क्रिप्ट शिकायचा कंटाळा केला जातो आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्यावरच भर राहतो, हे खटकते.

मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्यांनी पूर्ण शब्द लिहून वर येणाऱ्या पर्यायांतून ऱ असलेला निवडावा. शेतकऱ्यांना, वाऱ्याचा असे नेहमीचे शब्द तिथे येतात. गावाचे किंवा आडनावाचे नाव येत नसेल तर एकदाच कष्ट घ्यावेत: बरोबर लिहिलेला शब्द कुठून तरी कॉपी करून जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात, आयफोनवर मजकूर बदलण्याच्या सोयीत टाकावा आणि त्याला दोन-तीन अक्षरांचे लघुरूप द्यावे. पुढे लघुरूप लिहिले की पूर्ण नाव समोर येते.

काळ्या पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी: व्हिममध्ये लिहिताना कंट्रोल धरून 'व्ही', मग 'यू' आणि ०९३१. अक्षर फाईलमध्ये बरोबर जाते. पडद्यावर ते तुटके दिसले तर घाबरू नये. चौकोनांचे जाळे आखणाऱ्या अनेक खिडक्यांना देवनागरी आजही नीट मांडता येत नाही. फाईल दुसरीकडे उघडून खात्री करावी.

जुन्या फाईलचे काय करायचे?

आधी मूळ फाईल तशीच जपून ठेवावी. ती दुरुस्त करायला जाऊन त्याच नावाने जतन केली की परतीचा रस्ता बंद होतो. मग फॉन्ट ओळखावा. त्याची एक सोपी खूण आहे. मराठीत काना फार येतो, त्यामुळे अगम्य मजकुरात सर्वांत जास्त वेळा दिसणारे चिन्ह हे बहुधा कान्याचेच. रेघवाल्या मोठ्या 'ई'चा पाऊस असेल तर डीव्हीबी घराणे, साध्या इंग्रजी अक्षरांत 'के'ची गर्दी असेल तर कृतिदेव. फॉन्टचे नाव कळले की त्या फॉन्टसाठीच बनवलेले परिवर्तक सॉफ्टवेअर वापरावे. 'कोणताही फॉन्ट बदलून मिळेल' अशा मोघम आश्वासनावर विसंबू नये.

बदल झाल्यावर सगळा मजकूर वाचायला वेळ नसतो, म्हणून आधी तीन जागा तपासाव्यात: ऱ्हस्व वेलांटीचे शब्द, रफाराचे शब्द आणि ऱ्य-ऱ्ह. नशिराबाद, पूर्णा आणि कुऱ्हे ही तीन नावे शोधून पाहिली तरी परिवर्तक किती पाण्यात आहे ते समजते. यादी असेल तर ऱ असलेली सर्व नावे एकाच रीतीने, ०९३१ च्या, लिहिली आहेत का ते बघून घ्यावे. 'शोधा आणि बदला'ने हे काम एका फटक्यात होते.

फॉन्टच सापडत नसेल, पण छापील प्रत कपाटात असेल, तर तिचा स्वच्छ फोटो काढून गूगल लेन्ससारख्या सोयीने अक्षरे उचलून घेता येतात. त्यात चुका राहतात, अंक तर हाताने ताडूनच घ्यावे लागतात. सभासद क्रमांक आणि रकमा असलेल्या यादीत हे विसरून चालणार नाही.